दाखला कितीचा करायचा?

"कितीचा करायचा?" सेतू केंद्राच्या खिडकीमागच्या मुलाने मान वर न करता विचारलं. समोरच्या मावशींनी कनवटीची शंभराची नोट काढून पुढे केली.

"पैशाचं नाही विचारत मावशी. दाखला कितीचा करायचा? कशासाठी पाहिजे?"

"दवाखान्याला लागतोय. पुण्याच्या."

"मग एक लाख ऐंशीच्या आत बसला पाहिजे. साठ हजार टाकतो. चालंल?"

मावशींनी मागे वळून भावाकडे पाहिलं, भावाने मान हलवली आणि एका कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ठरलं. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सचं दुकान आणि रसवंतीगृह यांच्यामध्ये हे सेतू केंद्र आहे. मावशींचा नवरा पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी दाखल होता. सोबत थांबलेल्या मुलाने फोन करून सांगितलं होतं की, तहसीलदाराचा दाखला आणला तरच बिलाचं काही होईल.

यंदाच्या अंकाचा विषय 'कागद' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा पत्रं, हस्तलिखितं, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, असा माझा अंदाज होता. मी दवाखान्याचे कागद मागून घेतले. मोफत उपचारांच्या योजना या राज्यात कमी नाहीत. पण 'मोफत' या शब्दाच्या आधी बहुतेक ठिकाणी एक 'जर' असतो: उत्पन्न इतक्याच्या आत असेल तर. हा 'जर' प्रत्यक्षात कोण, कुठे, कसा तपासतं, ते पाहायचं होतं. त्याची सुरुवात दवाखान्यात होत नाही, या खिडकीत होते.

उत्पन्नाच्या दाखल्याची रीत कागदावर सोपी आहे. आधार, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र द्यायचं. तलाठ्याचा (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच) अहवाल लागतो. मग तहसील कार्यालयातून दाखला निघतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. नोकरदाराकडे पगाराची पावती असते, शेतकऱ्याकडे सातबारा आणि आठ-अ असतो. मजुराकडे सांगण्यापुरतं तोंड असतं.

"तुम्हीच सांगा, मी कसं मोजायचं?" त्या भागातल्या एका तलाठ्यांनी मलाच विचारलं. "हा माणूस चार महिने ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून उचल घेतो, ती फिटते की नाही त्यालाही ठाऊक नसतं. बायको खुरपणीला जाते. पाऊस झाला तर जाते. पोरगा चाकणला हेल्पर होता, आता नाही. याचं वार्षिक उत्पन्न? मी बारा हजार लिहिलं तरी खोटं आणि लाख लिहिलं तरी खोटं. मग ज्या योजनेला जी मर्यादा, तिच्या खाली बसवतो. गरीब तर आहेच ना तो?"

यात पैसे खाण्याचा भाग नव्हता, असं मी मानतो. गरीब माणूस समोर आहे, योजना समोर आहे आणि मध्ये फक्त एक आकडा आहे. तो सरकारी माणूस आपल्यापुरती त्याची सोय लावतो. फक्त या सोयीमुळे त्या आकड्याचा गरिबीशी संबंध उरत नाही. एकाच घरात एकाच वर्षी मुलीच्या शिष्यवृत्तीला एक, आजीच्या पेन्शनला दुसरा आणि दवाखान्याला तिसरा आकडा असू शकतो आणि तिन्हींवर तहसीलदारांची डिजिटल सही असते.

आजीच्या पेन्शनचा आकडा तर सगळ्या गावाला पाठ आहे. "एकवीसचा दाखला." संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. रोजगार हमीची राज्यातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने ६८ दिवस कामावर गेलेली बाई कागदोपत्री निराधार राहत नाही, आणि रोजगार हमीचा २०२५ पर्यंतचा कायदा घरामागे शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता. नियम प्रामाणिकपणे पाळला तर ही योजना जवळपास रिकामी पडेल. ती रिकामी नाही, याचं श्रेय त्या तलाठ्यासारख्या माणसांना आहे.

तीन रंग

महाराष्ट्रात गरिबीला रंग आहे. १ मे १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांची झाली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न आणि यादीत नाव असलेल्यांना पिवळं, त्यावर एक लाखाच्या आत केशरी आणि एक लाख किंवा त्याहून जास्त असेल, चारचाकी असेल किंवा चार हेक्टरांवर बागायत असेल तर पांढरं. पिवळ्या कार्डासाठी आणखी अटी होत्या. घरात कुणी डॉक्टर, वकील नसावा, घरी टेलिफोन नसावा. १९९९ सालात टेलिफोन ही ऐपतीची खूण होती खरी.

पुढे उपचारांच्या योजना आल्या तेव्हा पात्रतेसाठी हेच रंग उचलले गेले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यातला एक. दुसऱ्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळं आणि केशरी कार्ड दाखवा आणि अंगीकृत रुग्णालयात ठरावीक ऑपरेशनं फुकट करून घ्या. अगदी साधा नियम. कुणी उत्पन्न विचारत नव्हतं, हा त्यातला मोठा गुण. उत्पन्न कधीकाळी, रेशनचं साखर-रॉकेल वाटण्यासाठी, कुणीतरी विचारलेलं होतं.

पण एक लाखाची ती रेघ १९९९ ची. महिना दहा हजारांवर सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन वर्षाला एक लाख वीस हजार मिळवतो आणि रेघेच्या वर जातो. तो केशरी कार्डावर राहिला असेल तर एवढ्याचसाठी की, मधल्या काळात त्याचं कार्ड कुणी तपासलं नाही. उलट ज्याने नव्याने वेगळं कार्ड काढायला अर्ज केला, खरं उत्पन्न लिहिलं, त्याच्या हाती पांढरं पडलं. सोलापुरात एका खासगी रुग्णालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलामागे बसलेल्या आरोग्यमित्राने मला हे सांगितलं. आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा दारावरचा माणूस. कार्ड पाहायचं, ऑनलाइन नाव तपासायचं, कागद अपलोड करायचे आणि मंजुरीची वाट पाहायची, हे त्याचं काम.

"रंगाचा प्रश्न निम्मा," तो म्हणाला. "बाकी सगळी भांडणं नावाची. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर. तिकडून कमी केल्याशिवाय इकडे चढत नाही आणि कमी करायला तिकडच्या तालुक्याला जावं लागतं. ती इथं पोटात पाणी झालेलं बाळ घेऊन झोपलीय. आधारवर सुनीता, कार्डावर सुनिता. कार्ड जुनं असेल तर बारा अंकी नंबरच नाही. मी काय करू, सिस्टीम पुढंच जात नाही."

केंद्राची आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली, तिने रंगाऐवजी यादी घेतली. यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणाची. त्यात नाव असेल तर पाच लाखांपर्यंतचे उपचार. त्या सर्वेक्षणात मोटारसायकल, फ्रिज किंवा लँडलाइन फोन असलेलं ग्रामीण घर आपोआप बाहेर टाकलं गेलं होतं. दुधाच्या किटल्या डेअरीवर नेण्यासाठी जुनी हिरो होंडा घेतलेला माणूस सात वर्षांनी दवाखान्याच्या दारात बाहेरचा ठरला. फ्रिजचं तर मला नेहमी नवल वाटतं. ज्या घरात कुणाला रोज इन्सुलिन लागतं, तिथे फ्रिज हे औषधाचं कपाट असतं.

गरिबांच्या याद्या चुकतात ही काही महाराष्ट्राची खासियत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००४-०५ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातल्या गरीब कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांकडे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड नसल्याचं निघालं होतं. यादीत चुकून शिरलेल्या श्रीमंताची बातमी होते. यादीबाहेर राहिलेला गरीब दवाखान्यापर्यंत आला तरच कुणाला दिसतो.

तळमजल्यावरची खोली

मावशींचा दाखला पाचव्या दिवशी निघाला. पंधरा दिवसांच्या आतच म्हणजे. मात्र त्या पाच दिवसांत पुण्यातलं बिल थांबलेलं नव्हतं.

धर्मादाय रुग्णालयांची योजना ही महाराष्ट्राची स्वतःची गोष्ट आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ट्रस्टने चालवलेल्या रुग्णालयांना करात सवलत मिळते, अनेकांना जमीन नाममात्र दराने मिळाली, काहींना जास्तीचं चटई क्षेत्र मिळालं. त्या बदल्यात गरिबांसाठी काही खाटा राखाव्यात, असं कलम ४१ कक १९८५ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आलं. ते बरीच वर्षं पुस्तकात राहिलं. मग मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने सविस्तर योजनाच आखून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, त्यांना उपचार मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, त्यांना सवलतीत. उत्पन्नाच्या मर्यादा मधल्या काळात वाढत गेल्या. आता निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत.

पैशाची सोयही त्याच आदेशात आहे. रुग्णालयाने पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलांतून दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त बाजूला काढायची. रुग्णालयात त्याला सगळे आयपीएफ म्हणतात. खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाला लावायचेच नाहीत. बाकीच्या सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने, औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीत, आणि ती रक्कम या निधीतून वळती करायची. डॉक्टरांनी फी सोडायची. दुर्बल गटातल्या रुग्णाने औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या खर्चाचा निदान निम्मा वाटा उचलायचा. तातडीचा रुग्ण आला तर अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर. हे वाक्य आदेशात स्पष्ट आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याच्या आरोपावरून जो क्षोभ उसळला, तो ज्या नियमावरून होता, त्याला तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती.

मी पाहिली ती खोली पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बिलिंग काउंटर ओलांडून, लॉन्ड्रीच्या ट्रॉल्या उभ्या असतात त्या बोळात आहे. दारावर 'वैद्यकीय समाजसेवक' अशी पाटी. आत दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं. राखीव खाटांची माहिती देणारा फलक दर्शनी भागात लावलेला होता खरा. पण दाखल व्हायच्या वेळी तो वाचून या खोलीत आलेला एकही माणूस मला भेटला नाही. कुणाला वॉर्डातल्या आयाने सांगितलं, कुणाला शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने, कुणाला बाहेरच्या चहावाल्याने.

समाजसेविका पंचेचाळिशीच्या, टाटा समाजविज्ञान संस्थेतून शिकलेल्या. बोलता बोलता त्यांचे हात फाइलींवरून फिरत होते. प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "सोबत कोण आहे?" त्यात माणुसकीची चौकशी होती, तसंच कामाचं गणितही. नगरहून आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं.

"कोण नाही. मीच."

"बाबा, मग गावाकडून कागद कोण आणणार?"

"तुम्हीच सांगा ताई."

त्याची बायको वर अतिदक्षता विभागात होती. तिला एकटं सोडून तो तहसीलला जाऊ शकत नव्हता आणि तहसीलला गेल्याशिवाय तिचं बिल खाली येणार नव्हतं. त्याच्याजवळ रेशनकार्डाची एक झेरॉक्स होती, इतकी फिकी की रंग सोडा, नावही दिसत नव्हतं. न्यायालयाच्या योजनेत दाखला किंवा रेशनकार्ड, दोहोंपैकी काहीही पाहून समाजसेवकाने परिस्थिती ठरवावी, अशी मोकळीक आहे. बाईंनी ती वापरली. शिधापत्रिकेचा नंबर कुठून मिळतो ते पाहिलं, म्हाताऱ्याच्या पुतण्याला फोन लावला, मूळ कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला. चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत दाराबाहेरची रांग तशीच उभी होती.

"सगळ्यांसाठी हे करता येत नाही," त्या नंतर म्हणाल्या. "ऑडिटला फाइल जाते. धर्मादाय आयुक्तालयाकडून विचारणा झाली तर फिका कागद दाखवून भागत नाही. मॅनेजमेंट म्हणतं, दाखला घ्याच. म्हणजे मोकळीक आहे, पण ती माझ्या जोखमीवर."

मग निधीचं गणित. रुग्णालयाची वर्षाची बिलं शंभर कोटींची असतील तर आयपीएफ दोन कोटी. ऐकायला मोठी रक्कम वाटते. एनआयसीयूमध्ये दोन महिने राहिलेली पाच-सहा बाळं, काही भाजलेले रुग्ण, काही मोठी ऑपरेशनं झाली की, महिन्याचा वाटा संपतो. 'आयपीएफ संपला' हे वाक्य धर्मादाय रुग्णालयांत वारंवार ऐकू येतं. कुठे ते खरं असतं, कुठे सोयीचं. रुग्णाच्या नातेवाइकाला फरक कळायला मार्ग नाही, कारण निधीच्या शिलकीचा आकडा त्याला कुणी दाखवत नाही. त्याने मात्र आपल्या घरची शिल्लक खिशातल्या चिल्लरीसकट दाखवायची.

मोबाइल कोणता आहे?

दाखले योजनेच्या मापाने शिवलेले असतात, हे या खोलीलाही ठाऊक आहे. त्यामुळे दाखला आला तरी तपासणी संपत नाही, ती डोळ्यांनी सुरू होते. हातातला मोबाइल, कानातली फुलं, पायातले बूट. मुलगा कुठे असतो, पुण्यात घर भाड्याचं की स्वतःचं. एका रुग्णालयात फॉर्मवरच 'घरात टीव्ही, दुचाकी, एसी' अशा चौकटी पाहिल्या.

हे अपमानास्पद आहे, असं लिहून मोकळं होता येईल. पण समाजसेविकेने सांगितलेली बाजूही खरी आहे. "दीड लाखाचा आयफोन घेऊन पन्नास हजारांचा दाखला आणणारे येतात. बागायतदार येतात. नगरसेवकाचं पत्र घेऊन येतात. माझ्याकडे खाटा मोजक्या. त्यांना दिली की कुणाची तरी गेली." पाचशे खाटांच्या रुग्णालयात निर्धनांच्या पन्नास. तिथे निवड करावीच लागणार, आणि निवड करायची तर काहीतरी पाहावं लागणार. माझं म्हणणं इतकंच की, जे पाहिलं जातं त्यातून गरिबी दिसत नाही. ती लपवण्याची सवय दिसते. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून शेजारणीची साडी मागून नेसणारी बाई तिथे संशयित ठरते.

त्याच खोलीत परभणीकडची एक विधवा बाई भेटली. निराधार योजनेचे महिना पंधराशे रुपये तिला बरीच वर्षं मिळतात (आधी ते हजार होते, २०२३ पासून पंधराशे झाले). म्हणजे तालुक्याच्या समितीने तिची गरिबी तपासून, शिक्का मारून मान्य केलेली. दरवर्षी हयातीचा दाखला देऊन ती जिवंत असल्याचंही सिद्ध करते. तिच्याजवळ बँकेचं पासबुक होतं, त्यात सरकारने टाकलेल्या पैशांच्या ओळी होत्या. पण ते चालत नव्हतं. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा होता.

"शासनच देतं की मला पैसे," ती म्हणाली. "मग शासनाला माहीत नाही व्हय?"

माहीत आहे. महसूल खात्याला माहीत आहे, सामाजिक न्याय खात्याला माहीत आहे, अन्नपुरवठा खात्याच्या संगणकावर तिचं कार्ड आहे. या खात्यांतली माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्याचं काम आजारी माणसाच्या घरच्यांकडे दिलेलं आहे, आणि त्यासाठी लागणारा एसटीचा खर्च, बुडालेली हजेरी, झेरॉक्स, एजंटचे दोनशे रुपये हे मोफत उपचारांच्या कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. खाटा मोजक्याच असतील आणि पारख करणं भाग असेल, तर ती कुणी करायची हे तरी बदलता येईल. रुग्णालयाने कार्डाचा किंवा आधारचा नंबर टाकावा आणि पुढचं सरकारने सरकारला विचारावं. यासाठी लागणारी यंत्रं या राज्याकडे आहेत. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी सेतूंपुढे रांगा लागल्या, तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर दाखला नको, अशी सूट सरकारने काही दिवसांतच दिली होती. मनात आलं की जमतं.

आता सगळ्यांना

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत दोन मोठे बदल झाले आणि त्यांची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही.

पहिला, १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार सर्वांना मोफत झाले. केसपेपरचे पैसेही बंद. त्याआधी दारिद्र्यरेषेखालच्यांना सूट होती, पण सूट घ्यायची तर कार्ड दाखवा, शिक्का घ्या, पुन्हा रांगेत या. मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सकाळी बसलो होतो. केसपेपरच्या खिडकीत नाव, वय, गाव विचारत होते. उत्पन्न नाही, रंग नाही. रांग भरभर सरकत होती. खिडकीमागचा कर्मचारी म्हणाला, "आधी सुट्ट्या पैशांवरून दिवसात चार भांडणं व्हायची. जमा किती व्हायचं? त्याचा हिशेब ठेवायला मात्र एक माणूस." वैद्यकीय शिक्षण विभागाची मोठी रुग्णालयं या निर्णयात आली नाहीत, त्यामुळे ससूनसारख्या ठिकाणी शुल्क आणि सवलतीचे कागद अजून आहेत.

राजस्थानने हे औषधांच्या बाबतीत बरंच आधी केलं होतं. २ ऑक्टोबर २०११ पासून तिथे सरकारी दवाखान्यात औषधं सर्वांना फुकट आहेत, कार्ड न विचारता. फुकट म्हटल्यावर श्रीमंत रांगेत येऊन उभे राहतील, ही भीती तेव्हाही घातली गेली होती. सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर तीन तास बसण्याची तयारी ही स्वतःच एक चाळणी आहे, हे घाबरवणाऱ्यांनी लक्षात घेतलं नव्हतं.

दुसरा बदल, जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, विम्याचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि १ जुलै २०२४ पासून ते प्रत्यक्षात आलं. पांढरं कार्ड चालतं. रंग गेला. केंद्रानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान योजनेत घेतलं.

सोलापूरच्या त्या आरोग्यमित्राला मी विचारलं, आता टेबलावरची भांडणं कमी झाली असतील?

"रंगाची झाली. आता लोक विचारतात, मी पात्र आहे तर माझा आजार का नाही?" योजनेत ठरावीक उपचारच बसतात. त्यांतले शंभराहून अधिक सरकारी रुग्णालयांसाठी राखीव, ते खासगीत करता येत नाहीत. साधी बाह्यरुग्ण तपासणी, रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या यांना योजना हात लावत नाही. रेशनकार्डाची अट रंगापुरती गेली, कार्ड किंवा अधिवासाचा दाखला मात्र लागतोच, त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत ते पालातले पारधी, पुलाखालची माणसं, गाव सोडून पंधरा वर्षं झालेले मजूर, हे जिथे होते तिथेच. सुनीता आणि सुनिताही अजून भांडताहेत.

धावणारा माणूस

पुण्याच्या त्या बोळात मला एक तरुण वारंवार दिसत होता. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात प्लास्टिकच्या फोल्डरांचा गठ्ठा. एका आमदाराच्या कार्यालयातला 'आरोग्यदूत'. पगार किती विचारलं तर हसला. दिवसाला पंधरा-वीस रुग्णांची कामं त्याच्याकडे येतात. कोणत्या रुग्णालयात आयपीएफ शिल्लक आहे, कुठल्या तहसीलमध्ये दाखला एका दिवसात निघतो, मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला कुठला कागद आधी लागतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्या निधीलाही १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदारांचा दाखला लागतो, शिवाय आजार महात्मा फुले योजनेत बसत असेल किंवा रुग्णालय धर्मादाय असेल तर आधी तिकडे जाऊन या, मग इकडे. तीन दारं आहेत आणि प्रत्येक दारावर आधी दुसऱ्या दाराचा नकार दाखवावा लागतो.

मावशींचं काम शेवटी त्यानेच केलं. दाखला मंजूर झाला, बिलातला मोठा भाग निधीत गेला. आधी भरलेले बेचाळीस हजार मात्र परत मिळाले नाहीत, कारण ते दाखला यायच्या आधीच्या तारखांचे होते. दागिना गहाण ठेवून आणलेले होते ते. मुलाने आमदारांच्या कार्यालयात पेढे नेऊन दिले आणि फोटो काढला. त्या कार्यालयाच्या फेसबुक पानावर असे फोटो शेकड्याने आहेत. कायद्याने मिळणारी गोष्ट उपकार म्हणून घरी नेली जाते, तेव्हा तिची परतफेड मतपेटीत होते. अटी सोप्या करा असा रेटा लोकप्रतिनिधींकडून फारसा का येत नाही, याचं एक कारण मला त्या पानावर दिसलं. तरुणाला त्यासाठी दोष देणार नाही. तो नसता तर मावशींचं बिल तसंच राहिलं असतं.

"सगळ्यांना योजना लागू झाल्यावर तुझं काम कमी झालं का?" मी विचारलं.

"वाढलं," तो म्हणाला. "आधी गरिबांचेच फोन यायचे, आता पांढऱ्या कार्डवाल्यांचे पण येतात. बेड तेवढेच आहेत ना सर." त्यांचे कागद पहिल्या दिवशीच पूर्ण असतात, असंही त्याने सांगितलं. मग फोन वाजला. जुन्नरहून कुणीतरी बोलत होतं, अपघाताची केस, कार्ड घरी राहिलं होतं. "घरी कोण आहे? त्याला कार्डाचा फोटो टाकायला सांगा," तो जिन्याकडे चालता चालता म्हणाला. "पुढच्या पानाचा नको, आतल्या पानाचा. नावं दिसली पाहिजेत."